वहीला गिऱ्हाईक नको

नमस्कार ताई,

मी कराडजवळच्या एका माध्यमिक शाळेत चित्रकलेची शिक्षिका आहे. वय 44. कोल्हापूरला एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करत होते तेव्हा आम्ही मैत्रिणी रंकाळ्यावर, स्टँडवर, मंडईत तासन्‌तास स्केचिंग करत बसायचो. भूक लागल्याचंही कळायचं नाही. नोकरी लागल्यापासून हातातला ब्रश कधी सुटला नाही, पण माझं म्हणावं असं एकही चित्र नाही. पाहुण्यांच्या स्वागताचे फलक, जयंती-पुण्यतिथीचं फलकलेखन, स्नेहसंमेलनाचे पडदे, निवृत्त होणाऱ्यांची मानपत्रं, भावकीतल्या लग्नांच्या रांगोळ्या आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचे जादा तास.

यंदा फाल्गुनात मनावर घेतलं. सहा ऋतूंची एक वही करायची. चांगली महागातली वही मागवली. पहिल्या पानावर शाळेच्या वाटेवरचा पळस काढला आणि कितीतरी वर्षांनी मनासारखं उतरलं. फोटो स्टेटसला ठेवला, तर दिवसभर फोन वाजत होता. हे म्हणाले, ‘पंधरा-वीस झाली की टाउन हॉलला प्रदर्शन लावू, फ्रेम करून विकताही येतील.’ चैत्रात दुसरं पान काढलं. पळसाच्या तोडीचं झालं नाही म्हणून फाडलं. तिसरं झालंच नाही. वैशाख-ज्येष्ठात तर काढण्यासारखं काही नव्हतं. सगळं करपलेलं, आणि आवारात एकच जुनी काटेसावर, तीही ओकीबोकी. आता पाऊस लागलाय, रान हिरवं झालंय आणि वही कपाटात आहे.

पुढच्या सुट्टीत कासला जाऊन तिथली फुलं काढावीत का? की आवडच उरलेली नाही असं धरून विषय संपवावा? मुलगी परवा म्हणाली, ‘आई, तू पूर्वी चित्र काढताना गुणगुणायचीस.’ तेव्हापासून चैन नाही.

– चित्रकलेच्या बाई, जि. सातारा


प्रिय बाई,

आवड गेलेली नाही. आवड गेलेलं माणूस पान फाडायचे कष्ट घेत नाही, ते वही तशीच ठेवून टीव्ही लावतं.

तुमच्या कामांची यादी पुन्हा वाचली. फलक, पडदे, मानपत्रं, रांगोळ्या. यातल्या प्रत्येक चित्रासाठी कुणीतरी दारात उभं आहे. पाहुण्यांची गाडी फाटकात यायच्या आत फलक हवा, वधूची मावशी ‘अजून थोडा गुलाबी टाका ना बाई’ म्हणणार, मानपत्रात आडनाव चुकलं तर संस्थेचे सचिव बोलणार. हे काम हलकं आहे असं मुळीच नाही. खडूनं काळ्या फळ्यावर अर्ध्या तासात शिवाजी महाराज उभे करणं येरागबाळ्याचं काम नव्हे. पण इतकी वर्षं गिऱ्हाइकासाठी काढत राहिलं की हाताला गिऱ्हाइकाशिवाय चालायची सवयच राहत नाही. तुम्ही स्वतःसाठी वही घेतलीत, पहिलं पान काढलंत आणि त्याच संध्याकाळी तिथंही गिऱ्हाईक बोलावलंत. स्टेटस पाहणारे शेकडो आणि घरातून थेट प्रदर्शनाची ऑर्डर!

माझं म्हणणं एवढंच आहे की या वहीला गिऱ्हाईक नको. पुढं लिहिलंय ते सगळं, हे कसं जमवायचं त्याबद्दल.

एक प्रयोग तुम्हाला सांगायलाच हवा, कारण तो चित्रं काढणाऱ्या मुलांवरच झाला होता. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तो स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केला आणि 1973 साली प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांची, आधीपासूनच चित्रांची आवड असलेली मुलं निवडली. एका गटाला सांगितलं, ‘या पेनांनी चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल.’ सोनेरी शिक्का, फीत, सगळा थाट. दुसऱ्या गटाला काही सांगितलं नाही, चित्र झाल्यावर अचानक तेच प्रशस्तिपत्रक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. काही दिवसांनी वर्गात तीच पेनं पुन्हा ठेवली, बक्षीस वगैरे काही नाही, ज्याला वाटेल त्यानं काढावं. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं आता बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रात रमली. बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रंही दर्जानं डावी ठरली होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं मात्र काही बिघडलं नव्हतं.

आता तुमच्या दोन पानांकडे बघा. पळस काढताना डोक्यात कुणी नव्हतं. कौतुक झालं ते अचानक, दुसऱ्या गटासारखं. त्यानं काहीच बिघडलं नाही. बिघडलं ते चैत्रात. ते पान काढायला बसलात तेव्हाच मनात स्टेटस होतं, प्रदर्शन होतं, आणि त्या पळसाशी बरोबरी करायची होती. तुमचा हात बाद झालेला नाही, एकाच महिन्यात तुमचा गट बदलला. हे वाचून एलिमेंटरीच्या मुलांकडे वाकड्या नजरेनं बघू नका. त्या परीक्षेच्या निमित्तानं खेड्यापाड्यातल्या कितीतरी पोरांच्या घरात पहिल्यांदा रंगाची पेटी येते. त्यात दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी बसलेली असतात तशी खरोखर नादावलेलीही असतात. तो वेगळा विषय आहे.

आपल्याकडे बायकांनी ऋतूप्रमाणे, गिऱ्हाइकाशिवाय चित्रं काढायची रीत जुनीच आहे, फक्त तिला कुणी स्केचबुक म्हटलं नाही. चैत्रांगण बघा. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत रोज अंगणात झोपाळ्यातली गौर, सूर्य, चंद्र, शंख, गोपद्मं, कासव, हत्ती, तुळशीवृंदावन काढायचं, आणि दुसऱ्या दिवशी सडा घालून पुन्हा पहिल्यापासून. नागपंचमीला पाटावर नाग. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती. हस्त नक्षत्रात तुमच्याकडे हादगा, त्यात मधे हत्ती काढून भोवती फेर. या कुठल्याच चित्राला कुणी ‘मागच्या वर्षीइतकं जमलं नाही’ म्हणून फाडलेलं नाही. फाडायला हातात काही उरतच नाही मुळी!

या चित्रांची वेळ कोण ठरवतं, तर तिथी आणि नक्षत्र. ‘सुचलं की काढेन’ हा प्रकार नाही. तुमच्या वहीला हीच शिस्त लावू या, कारण सहा ऋतूंची चौकट तुमच्या जमिनीवर नीट बसत नाही. तुम्ही पळस ‘वसंत’ म्हणून काढलात ना? तो फुलला फाल्गुनात. पंचांगाप्रमाणे माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर. पंचांगातला वर्षा ऋतू श्रावण-भाद्रपदाचा, आणि तुमच्या कौलांवर पाऊस वाजतोय आत्ता, ज्येष्ठात. शिवाय दोन-दोन महिन्यांचा एक ऋतू, त्याचं एक पान, असं ठरवलं की त्या पानावर भलताच भार येतो. अख्खा ग्रीष्म एका चित्रात आणायचा म्हटल्यावर कुणाचाही हात आखडेल.

शेतकरी ऋतू मोजत बसत नाही, तो नक्षत्रं मोजतो. सूर्य एका नक्षत्रात साधारण 13-14 दिवस असतो. रोहिणी 25 मेच्या सुमारास, मृग 7-8 जूनला, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि 27 सप्टेंबरच्या आसपास हस्त. नावं पंचांगातली, पण लोकांनी ती आपलीशी केली. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्तीचा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नक्षत्र कधी लागतं ते छापलेलं असतं, बरोबर त्याचं वाहनही असतं. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. वाहन बेडूक निघालं की पाऊस चांगला, असं घराघरात म्हणतात. हवामान खातं याला काय म्हणेल ते सोडा, चित्रं काढणाऱ्याला एवढी आयती चैन दुसरीकडे कुठं मिळणार? पानाच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढं वाहन काढायचं, ते नक्षत्र लागल्याचा शिक्का म्हणून. गाढवाला वाईट वाटेल असं काढू नका म्हणजे झालं.

तर एका नक्षत्राला एक पान. आर्द्रा लागलेलंच आहे, त्याचं पान या आठवड्यात होऊन जाईल. स्वातीपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत असंच चालू द्या. पुढची नक्षत्रं शेतकरीही सहसा मोजत नाही, तेव्हा तुम्हीही सोडा आणि पौर्णिमा-अमावास्या धरा. अंतर तेच, पंधरवड्याचं. एखादं नक्षत्र हुकलं तर पान कोरं ठेवा आणि त्यावर कारण लिहा. ‘पुष्य. शालेय पोषण आहाराची तपासणी. काढलं नाही.’ असं पानही वर्षाचाच भाग आहे. हुकलेलं पान नंतर बसून भरायचं मात्र नाही. पुष्याचं पान आश्लेषात काढलंत की शाळेचं रजिस्टर झालं.

आणि पान फाडायचं नाही. चैत्रातलं ते फाडलेलं पान घरात कुठं सापडलं तर नव्या वहीत चिकटवा, खाली तारीख घाला. नवीच वही म्हणते मी. महागातली राहू द्या कपाटात, तिच्यातला पळस तिला लखलाभ. त्या कागदाची किंमत तुम्हाला प्रत्येक रेघेला आठवणार. साध्या कार्ट्रिज कागदाची, स्पायरल बायंडिंगची, पिशवीत मावेल एवढी वही घ्या. मुलं शाळेच्या दुकानातून नेतात तीसुद्धा चालेल.

जागा कुठली, हे तुम्हीच पत्रात सांगून टाकलंय. ‘वैशाख-ज्येष्ठात काढण्यासारखं काही नव्हतं’ या वाक्याच्या शेजारीच लिहिलंय की आवारात जुनी काटेसावर आहे. बाई! सावरीला वैशाखात काही नव्हतं? तेव्हा तर तिची बोंडं फुटतात. लाकडासारखी टणक, काळपट तपकिरी बोंडं, पाच पाकळ्यांनी उकलतात, आतून रेशमासारखा कापूस बाहेर येतो, त्यात काळ्या बिया. तो वाऱ्यावर सुटतो आणि कुंपणाच्या जाळीला, सायकल स्टँडच्या पत्र्याला, मुलींच्या वेण्यांना चिकटतो. पांढऱ्या कागदावर पांढरा कापूस कसा काढायचा, हा प्रश्न तुम्ही कुठल्याही परीक्षेत घालू शकाल. कापूस काढायचाच नाही, त्याच्यामागची जाळी आणि सावली काढायची आणि कागद मोकळा सोडायचा. जाळीची तार जिथं कापसात शिरून दिसेनाशी होते ती जागा पकडली की काम झालं. हे पान यंदा हुकलं. पुढच्या वैशाखात वाट बघा त्याची, आतापासून.

वर्षभर एकच झाड. ही माझी अट समजा. सावरीइतकं बदलणारं झाड आपल्याकडे क्वचितच. हिवाळ्यात पानं झडून उघडी पडते, मग त्या उघड्या फांद्यांवर लाल, मांसल, पाच पाकळ्यांची फुलं येतात आणि मैना, बुलबुल, कावळे, शिंजीर, खारी यांचा बाजार भरतो. त्या दिवसांत चित्र काढायला वर बघायची गरजच नाही, फुलं खाली पडलेली असतात, उचलून टेबलावर ठेवा. एक ताजं, एक कालचं, एक परवाचं. लालाचा तपकिरी कसकसा होत जातो ते तिघांत दिसेल.

पण आत्ता काय? आत्ता पावसात तिच्या खोडापाशी जा. वरची हिरवाई सोडून द्या, खोडावरचे काटे बघा. ‘काटा’ म्हटलं की आपला हात गुलाबाचा, बाभळीचा टोकदार काटा काढायला जातो. सावरीचा काटा तसा नाहीच. बुडाशी रुंद, वर निमुळता, बुटका शंकूच म्हणा. जवळून पाहिलात तर त्याच्यावर थर दिसतील. जुन्या काट्यांची टोकं झिजून बोथट झालेली, काही गळून नुसता वण राहिलेला. दोन काट्यांच्या मधे पावसाचं पाणी उतरतं तिथं साल काळी पडते, आणि बुडाशी शेवाळाची बारीक हिरवी कड धरते. असे तीन काटे काढा, मोठे करून, पानभर. झाड नाही, खोडही नाही, तीन काटे. वीस मिनिटांत होतील आणि आर्द्राचं पान पुरं होईल.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण वर्षानुवर्षं स्मरणचित्र शिकवणाऱ्याच्या हाताला एक खोड लागते. जत्रा म्हटली की फुगेवाला डावीकडे, पाळणा उजवीकडे, पाठमोरी बाई मधे. झाड म्हटलं की हात झाडाचं ठरलेलं चित्र काढून मोकळा होतो, डोळ्याला विचारतही नाही. तुमचा पळस छान झाला असेल यात शंका नाही. पण ‘छान पळस’ कसा दिसतो हे हाताला पाठ असतं. तीन काटे पाठ नसतात. जे पाठ नाही ते काढताना बघावंच लागतं, आणि बघण्यात मन गुंतलं की जमतंय की नाही हे तपासायला फुरसत राहत नाही. मुलीला आठवणारं ते गुणगुणणं अशाच फुरसत नसलेल्या वेळेचं असणार. ते ठरवून आणायला जाऊ नका.

कोल्हापुरात शिकलात म्हणजे आबालाल रहिमान तुम्हाला नवे नाहीत. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेला, शाहू महाराजांच्या दरबारातला हा चित्रकार. त्यांना विषयांची काय कमी होती? तरी ते कोटितीर्थाच्या काठी राहून तेच तळं, तेच काठ, पंचगंगेचे तेच घाट पुन्हा पुन्हा रंगवत राहिले, सकाळचे, संध्याकाळचे, धुक्यातले, 1931 साली जाईपर्यंत. तुम्ही कोटितीर्थावरून कॉलेजला जाता-येता कितीदा गेला असाल. त्या माणसाला तळं पुरलं, आपल्याला सावर पुरायला हरकत नसावी.

कासचं तर मग उत्तर आलंच. जा, जरूर जा, सप्टेंबरात मुलीला घेऊन जा, फुलं बघून या. पण वही नेऊ नका. तिथं पोचेपर्यंत अर्धा दिवस, मग गर्दी, ठरलेली वेळ, आणि ‘एवढ्या लांब आलोय तर काहीतरी भारी काढलंच पाहिजे’ हे दडपण. फुलांचा गालिचा कागदावर उतरवताना बहुतेकांची जांभळ्या ठिपक्यांची रांगोळी होते. तुमच्या शाळेच्या गटाराकडेला त्याच दिवसांत तेरडा आणि टाकळा फुललेला असेल. सावरीच्या बुडाशी उगवला असेल तर तो वहीत चालेल.

रंगांबद्दल तुम्हाला काय सांगायचं, तरी पावसाळ्यापुरती एक गोष्ट. डबीतला सॅप ग्रीन काढून ठेवा. आषाढात प्रत्येक पान हिरवं, त्यात हा तयार हिरवा घेतला की सगळ्या पानांचा एकच साइनबोर्ड होतो. पिवळा आणि प्रशियन ब्लू वहीच्या कडेला मिसळून बघा, त्यात किंचित बर्न्ट सिएना टाका. या नक्षत्रात किती हिरवे सापडले तेवढे चौकोन पानाखाली लावून ठेवा. चित्र काढायचा अगदीच उत्साह नसेल त्या पंधरवड्यात नुसते हे चौकोन काढले तरी पान झालं. पुष्यातले हिरवे आणि हस्तातले हिरवे शेजारी ठेवून बघाल तेव्हा मला कळवा. म्हणजे पत्रानं कळवा, फोटो नको.

फोटोवरून आलंच. वर्ष होईपर्यंत या वहीतलं एकही पान स्टेटसला जाणार नाही. दाखवणं वाईट म्हणून नव्हे. दाखवायचं आहे हे आधीच ठरलं की काय होतं ते तुम्ही चैत्रात पाहिलंत. मिस्टरांना स्पष्ट सांगा. ते काही वाईट बोलत नाहीत, त्यांना बायकोचं कौतुक आहे आणि कौतुक करायची त्यांची रीत फ्रेम आणि प्रदर्शनाची आहे. त्यांना म्हणा, ‘प्रदर्शनासाठी वेगळी चित्रं करीन, त्याची ऑर्डर वेगळी घ्या. ही वही त्यात धरू नका.’ एवढं म्हटलं की बहुतेक नवऱ्यांना कळतं. नाही कळलं तर वही शाळेतल्या कपाटात ठेवा.

शाळेतही धोका आहेच, उलट जास्तच. तुम्ही मधल्या सुट्टीत सावरीखाली छत्री धरून बसलात की पोरं जमणार. ‘बाई, काय काढताय?’ जमू द्या. मुलं गिऱ्हाईक नसतात, ती नुसती बघतात, आणि ‘बाई, तिथं मुंगळा पण आहे’ असं तुम्हाला न दिसलेलं सांगतात. सांभाळायचं आहे मुख्याध्यापकांपासून. त्यांच्या कानावर गेलं की आठवड्याच्या आत ‘एक झाड, एक वही’ असा उपक्रम होईल, त्याचा अहवाल लागेल, अहवालाला फोटो लागतील, आणि शनिवारी केंद्रप्रमुखांच्या स्वागताचा फलक अर्थातच तुमच्याकडे येईल. मुलांनी आपापल्या वह्या आपणहून सुरू केल्या तर त्यांना गुण देऊ नका, तपासू नका, कुणाची छान म्हणून वर्गात दाखवू नका. त्यांनी विचारलं तर पेन्सिलीला टोक करून द्या.

मुलीला वही दाखवायची का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेल. तिनं मागितली तर द्या. तिनं गुणगुणणं लक्षात ठेवलं, चित्र नाही. अशा माणसापासून वहीला धोका नाही.

एक गोष्ट मात्र पडताळून बघा. कंटाळा चित्रापुरताच असेल तर हे सगळं लागू. पण झोप, जेवण, माणसं, गाणी, सगळ्यातलाच रस गेला असेल, पंधरा दिवसांहून जास्त काळ मन जडच राहत असेल, तर वहीच्या नादी लागून ते लांबणीवर टाकू नका. डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही, कारण सावरीला ओकीबोकी म्हणताना तुम्ही तिच्यावर चांगल्याच चिडलेल्या दिसता, आणि तेवढं चिडायलाही जीव लागतो.

तुमची,
ताई

ता. क. पावसात बाहेर बसणार असाल तर कागद आधीच दमट असतो, वॉश, म्हणजे रंगाचा पातळ हात, वाळता वाळत नाही आणि दुसरा थर दिला की चिखल होतो. आर्द्रा ते मघा पेन्सिल आणि वॉटरप्रूफ पेन वापरा, रंगाचा एकच हात द्या आणि तिथंच थांबा. वही पिशवीत नुसती ठेवू नका, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा. रंगांच्या वड्या ओल्या असताना डबी बंद केली तर श्रावणापर्यंत बुरशी धरते, तेव्हा घरी गेल्यावर ती पंख्याखाली उघडी टाका.